मैदान आणि महाद्वार

पंचवटीचें नांव उच्चारतांच मराठी माणसाच्या मनापुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक रामाच्या पर्णकुटीचें आणि दुसरें त्या पर्णकुटीभोंवतीं लक्ष्मणानें ओढलेल्या रेषेचें. ती रेषा संकटापासून रक्षण व्हावें म्हणून ओढलेली होती. परंतु गोदावरीच्या याच तीरावर, काळ्या पाषाणाच्या राममंदिराभोंवतीं, पुढें माणसानें माणसाविरुद्ध एक निराळीच रेषा ओढली. ती पुसून टाकण्यासाठीं २ मार्च १९३० रोजीं हजारों स्त्रीपुरुष पंचवटींत जमले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच्या आधीं चोवीस वर्षें, फेब्रुवारी १९०६ मध्यें, मुंबईच्या एका क्रिकेटच्या मैदानावर तीच रेषा थोडीशी पुसली गेली होती, ही गोष्ट मात्र तितकीशी कोणाच्या ध्यानांत नसते. मैदानावर ती रेषा किती पुसली गेली आणि किती शिल्लक राहिली, हें नीट पाहिलें म्हणजे पंचवटीच्या महाद्वाराशीं माणसांना कां बसावें लागलें, याचा उलगडा होतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

श्रोतेहो, आपल्या देशांत क्रिकेटचा खेळ साहेबानें आणला आणि पारशी समाजानें तो प्रथम उचलला. पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ सालीं इंग्लंडांत खेळून आले, आणि १८९० सालीं व्हर्नन याच्या इंग्लिश संघास त्यांनीं मुंबईंत पराभूत केलें. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने दरसाल नियमानें होऊं लागले. हिंदूंचा स्वतंत्र जिमखाना १८९४ सालीं परमानंददास जीवनदास यांच्या नांवानें उभा राहिला. युरोपियनांशीं बरोबरीच्या नात्यानें सामना खेळण्यास मात्र हिंदूंना त्यानंतर बारा वर्षें लागलीं. हा सामना झाला तो मुंबई जिमखान्याच्या मैदानावर. ज्या जिमखान्याच्या इमारतींत हिंदी माणसाला चाकर म्हणूनच काय तो प्रवेश होता, त्याच्याच अंगणांत हिंदी माणसें साहेबांविरुद्ध उतरणार होतीं. काळहि मोठा भारलेला होता. वंगभंग होऊन थोडेच महिने लोटले होते, स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि जपानसारख्या आशियांतील राष्ट्रानें रशियास नमविल्याची वार्ता ताजी होती. अशा दिवसांत एका चेंडूच्या खेळाला निव्वळ खेळाचें मोल उरलें नाहीं, तर त्यांत नवल नाहीं.

हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धांवांत आटोपला. म्हणजे हिंदूंना ५१ धांवांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावांत हिंदूंच्या १६० धांवा झाल्या, आणि युरोपियनांसमोर विजयासाठीं २१२ धांवांचें काम उरलें. त्या काळच्या उघड्या खेळपट्टीवर चौथा डाव खेळणें हें धैर्याचें काम असे. चेंडू पडला म्हणजे माती उकरली जाई, आणि मंदगति गोलंदाजाच्या बोटांना त्या मातीची साथ मिळे. युरोपियनांचे गडी एकामागून एक परतूं लागले आणि सारा संघ १०२ धांवांत गारद झाला. हिंदूंनीं सामना १०९ धांवांनीं जिंकला. या विजयांत ज्याच्या डाव्या हाताच्या फिरकीचा मोठा वांटा होता, तो गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर. त्याच संघांत त्याचा धाकटा भाऊ शिवराम हाहि होता. हे दोघे भाऊ चर्मकार समाजांतले, म्हणजे तेव्हांच्या भाषेंत अस्पृश्य होते.

पालवणकरांचें मूळ गांव कोंकणांतील पालवण. बाळूचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास आलें, आणि लष्करी अंमलदारांनीं टाकून दिलेल्या फळ्याचेंडूंवर या भावांनीं खेळाचे पहिले धडे गिरविले. बाळूची पहिली नोकरी पुण्यांतील एका पारशी क्लबांत होती. मैदान झाडावें, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, आणि महिन्याकांठीं तीन रुपये घ्यावे. पुढें तो युरोपियनांच्या पूना क्लबांत गेला. तेथें वेतन चार रुपये झालें. काम तेंच, परंतु सरावाचीं जाळीं बांधून झाल्यावर तेथील कांहीं साहेबांनीं त्याच्या हातीं चेंडू दिला. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज लष्करी अधिकारी होता. बाळूनें बाद केलें कीं तो त्यास दर वेळीं आठ आणे बक्षीस देई, असें सांगतात. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, या शिकवणींतील व्यवहार मात्र तिच्यांत स्पष्ट दिसतो. बाळूनें तासनतास चेंडू टाकावे आणि साहेबांनीं ते खेळावे. फळी त्याच्या हातीं कधीं दिली गेली नाहीं. फलंदाजी हें धन्याचें काम, गोलंदाजी हें गड्याचें काम, अशी ती विभागणी होती. पोटासाठीं पत्करलेल्या या कष्टांतून बाळूच्या बोटांत जी करामत आली, ती पुण्याच्या कोणाहि सुखवस्तु खेळाडूच्या हातांत नव्हती.

पुण्यांतील हिंदू संघापुढें त्यामुळें मोठा पेंच उभा राहिला. युरोपियनांस हरवावयाचें तर बाळू हवा, आणि बाळूस घ्यावें तर विटाळाचा प्रश्न! तेलुगु खेळाडू त्याला घेण्याबद्दल आग्रही होते. कित्येक ब्राह्मण खेळाडू कुरकुरत होते. शेवटीं जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीहून बलवत्तर ठरली आणि बाळू संघांत आला. पण कसा आला, हें पाहण्यासारखें आहे. मैदानावर बाळूनें टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत घ्यावा, कांहीं विटाळ नाहीं. चहाची सुट्टी झाली कीं मात्र इतरांनीं आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा प्यावा, आणि बाळूनें बाहेर उभें राहून मातीच्या भांड्यांतून प्यावा. त्याला तोंड धुवावयाचें असेल तर त्याच्याच जातीसारख्या जातींतल्या एका चाकरानें कोपऱ्यांत पाणी घालावें. चामड्याचा चेंडू शुद्ध आणि चामडें कमावणारा अशुद्ध, हें शास्त्र कोणत्या स्मृतींत सांपडतें, तें शोधूनहि मिळणार नाहीं.

पुढें पुण्याचा संघ साताऱ्याच्या युरोपियनांशीं खेळावयास गेला. बाळूची फिरकी चालूं नये म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविण्यांत आला होता. तरीहि बाळूनें सात गडी बाद केले. या विजयानंतर न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुढाऱ्यांनीं त्याचा गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर जेवण्यास कां कचरतां, असा प्रश्नहि खेळाडूंना केला. १८९६ नंतर पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां बाळू मुंबईस आला. मुंबईच्या हिंदू जिमखान्यांतहि प्रथम कुरबूर झाली. पण मुंबईचें वारें थोडें मोकळें. तेथें सहकाऱ्यांच्या पंगतीला बसण्याचा मार्ग पालवणकर बंधूंना हळूहळू खुला झाला. म्हणूनच १९०६ च्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानें युरोपियनांच्या पराभवाहून या बंधूंच्या प्रवेशास अधिक महत्त्व दिलें. हजारों तरुण हिंदूंचीं मनें उदार करण्याचें काम या एका गोष्टीनें इतर साऱ्या प्रयत्नांहून अधिक झालें, आणि खेळांत घेतलेला हा धडा समाजकारणांत व राजकारणांतहि गिरवावा, असा त्या पत्राच्या लेखाचा आशय होता.

ही रेषा आपल्याच देशांत होती असें मात्र नाहीं. इंग्लंडांत पैसे घेऊन खेळणारा धंदेवाईक खेळाडू आणि हौसेखातर खेळणारा गृहस्थ यांच्यासाठीं कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि मैदानांत उतरण्याचे दरवाजेहि निराळे असत. हा भेद १९६२ सालापर्यंत टिकून होता. अमेरिकेंत १९०६ सालींच, ऑक्टोबर महिन्यांत, बेसबॉल या तेथील लोकप्रिय खेळाची विश्वमालिका शिकागो शहराच्या दोन धंदेवाईक संघांमध्यें रंगली. मोसमांत ११६ सामने जिंकून आलेल्या कब्स या बलाढ्य संघास व्हाइट सॉक्स या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघानें चार विरुद्ध दोन सामन्यांनीं धूळ चारली. सारें शहर वेडें झालें. पण त्या दोन्ही संघांत कृष्णवर्णीय खेळाडू एकहि नव्हता. १८८४ सालीं मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघांतून वरच्या दर्जाचे सामने खेळला होता. त्यानंतर मात्र दार लागलें. कोणताहि लेखी नियम नव्हता. तोंडी समजूत होती आणि ती लेखी नियमाहून कठीण होती. तें दार १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर उतरला तेव्हां उघडलें. या एका बाबतींत मुंबईचें मैदान शिकागोच्या चाळीस वर्षें पुढें होतें, हें आपण अभिमानानें म्हणूं शकतों. पण अभिमानाचा घोंट घेण्यापूर्वीं पुढची हकीकतहि ऐकली पाहिजे.

१९०७ सालीं पारशी येऊन सामने तिरंगी झाले, १९१२ सालीं मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले. मधल्या काळांत, १९११ सालीं, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. पस्तीस वर्षांचा बाळू दुखऱ्या खांद्यानें खेळत होता. तरी त्या साऱ्या दौऱ्यांत त्यानें ११४ बळी घेतले. लिस्टरशायर संघाविरुद्ध त्यानें एका सामन्यांत अकरा गडी बाद केले आणि हिंदी संघास विजय मिळाला. सॉमरसेटविरुद्धच्या विजयांत शिवरामनें नाबाद शतक झळकविलें. हिंदी संघांत त्या वेळीं बाळूच्या तोडीचा गोलंदाज दुसरा नव्हता, याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें.

मग हिंदू संघाची कप्तानी त्याला मिळाली कां? नाहीं. वर्षांमागून वर्षें गेलीं. बाळूच्या बळींची संख्या वाढत गेली, केस पिकूं लागले, पण संघाचें नेतृत्व उच्च जातीच्या खेळाडूंकडेच राहिलें. कप्तान एम. डी. पै हे उमद्या मनाचे गृहस्थ. १९१३ सालीं आपल्या सत्काराच्या प्रसंगींच त्यांनीं सांगून टाकलें कीं, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूस मिळावयास हवा होता. तरीहि निवडसमितीचें मन वळलें नाहीं. १९२० सालीं तर पहिल्या सामन्यांतून बाळूसच वगळण्यांत आलें, आणि कप्तानीच्या प्रश्नावरून शिवराम व धाकटा विठ्ठल या दोघां भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें. अपमान गिळून खेळत राहण्याचे दिवस संपले होते. या वेळीं लोकमतहि बंधूंच्या बाजूस झुकलें. अखेर तडजोड होऊन पारशांविरुद्धच्या सामन्यांत पै कप्तान आणि बाळू उपकप्तान झाला. पै मुद्दाम कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूनें हिंदू संघ चालविला. पाव शतकाच्या सेवेचें तें फळ! १९२३ सालीं विठ्ठल हिंदू संघाचा रीतसर कप्तान झाला आणि त्याच्या हाताखालीं अंतिम सामन्यांत युरोपियनांचा पराभव झाला. थोरल्या भावास जें मिळालें नाहीं तें धाकट्यास मिळालें. विठ्ठल पालवणकरांनीं पुढें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र लिहिलें.

श्रोतेहो, येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल कीं, पहा, मैदानानें अस्पृश्यता जिंकली. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. मैदानानें बाळूला जागा दिली, ती बाळू बळी घेत होता म्हणून. दुसरा एखादा चर्मकार तरुण, ज्याच्या बोटांत फिरकी नव्हती, तो मातीच्या भांड्यापर्यंतहि पोंचला नसता. ही जागा म्हणजे गुणाचा मोबदला होता, माणसाचा हक्क नव्हता. मोबदला देणारा हात आंखडता येतो. तो किती द्यावा, केव्हां द्यावा, हें देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. म्हणूनच बळी घेण्याचें काम बाळूस मिळालें आणि नेतृत्व मिळालें नाहीं. या मर्जीच्या पलीकडचें कांहीं मागावयाचें तर तें जिंकण्या-हरण्याशीं संबंध नसलेल्या ठिकाणींच मागावें लागतें. असें ठिकाण पंचवटींत होतें.

पंचवटींतील काळाराममंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनीं बांधविलें. त्याला चार दिशांस चार दरवाजे आहेत. ज्या रामानें निषादराजाला हृदयाशीं धरलें आणि शबरीचीं बोरें आवडीनें खाल्लीं, त्या रामाच्या या चारहि दरवाजांतून अस्पृश्यांना आंत जाण्याची बंदी होती. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें १५,००० लोकांची मिरवणूक शिस्तीनें मंदिराकडे निघाली. भाऊराव गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारखे नाशिकचे कार्यकर्ते अग्रभागीं होते. बाळूच्याच चर्मकार समाजांतील पां. ना. राजभोज हेहि होते. दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून चारहि दरवाजांशीं सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडींत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. या माणसांच्या हातीं चेंडू नव्हता कीं नांवावर बळी नव्हते. कोणाच्या संघास विजय मिळवून देण्याची लालूच ते दाखवीत नव्हते. आम्ही उपयोगी आहों म्हणून आंत घ्या, असें ते म्हणत नव्हते. आम्ही माणसें आहों म्हणून आंत घ्या, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. बाळूच्या कथेंत आणि या कथेंत जो फरक आहे तो हाच.

९ एप्रिल रोजीं रामाचा रथ निघावयाचा होता. दोन्ही बाजूंच्या मान्य मंडळींत तडजोड झाली कीं, दोहींकडचे तगडे गडी निवडून त्यांनीं मिळून रथ ओढावा. दोन पक्षांतून बळकट गडी निवडावे आणि त्यांनीं एका दोराला हात लावावा, यापरती उत्तम जोडी कोणत्या सामन्यांत जमली असती? पण तो दोर स्पृश्य-अस्पृश्यांच्या हातांत एकत्र आलाच नाहीं. स्पृश्यांनीं रथ आधींच पुढें पळविला, दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. खेळाच्या मैदानावर हार मानणें शिकलेल्या समाजाला देवाच्या दारांत वांटा देणें शिकतां आलें नव्हतें. सत्याग्रह पुढें कित्येक वर्षें चालला. १९३४ सालीं आंबेडकरांनीं गायकवाडांस लिहिलें कीं, आपल्या लोकांनीं मूर्तिपूजक व्हावें म्हणून ही चळवळ नव्हती, त्यांच्यांत चैतन्य यावें आणि आपली स्थिति त्यांना उमजावी म्हणून होती. आतां बळ शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं नाशिक जिल्ह्यांतीलच येवलें येथें त्यांनीं हिंदू म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला.

बाळूचा मार्ग निराळा होता. सप्टेंबर १९३२ च्या पुणें करारावर आंबेडकरांप्रमाणेंच त्याचीहि सही आहे. परंतु धर्मत्यागाची कल्पना त्याला मानवली नाहीं. आपल्याच समाजांत राहून जागा मिळविण्यावर त्याचा विश्वास होता. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत काँग्रेसनें त्याला थेट आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूला ११,२२५. एकाला मैदानानें पाव शतक थांबविलें होतें, दुसऱ्याला महाद्वारानें साफ नाकारलें होतें. ज्याला थोडें मिळालें त्याची आशा शाबूत राहिली. ज्यांना कांहींच मिळालें नाहीं त्यांनीं आशेचें ठिकाण बदललें. दोघांपैकीं कोणाच्याहि निष्ठेबद्दल शंका घेण्याचा अधिकार, ज्यांनीं त्या दोघांना दारांत उभें केलें त्यांना तरी नाहीं.

१९४७ सालीं मुंबई प्रांतांत हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत वारला. जातिधर्मावर उभारलेले मुंबईचे ते सामने त्याच्याआधींच, १९४६ सालीं, बंद झाले होते. त्याच्या बळींचे आंकडे आज पुस्तकांत सांपडतात: प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी. साहेबाला बाद करणाऱ्या त्या फिरकीबद्दल कौतुकानें बोलणें सोपें आहे. मातीच्या भांड्यांतला चहा आठवून बोलणें अवघड आहे, आणि समाजाच्या हिताचें तेंच आहे. गुणवंताला दार उघडणारा समाज चतुर असतो. ज्याच्याजवळ दाखविण्यासारखा कोणताहि गुण नाहीं, त्यालाहि आपलें दार आपणहून उघडणारा समाजच न्यायी म्हणविला जातो.